उमेदवारीचे खाते

अलीकडे आपल्या सभासदांच्या घरी एक शब्द वारंवार कानी पडू लागला आहे. मुलाची वा मुलीची पदवी परीक्षा संपली की, ‘आता पुढे काय?’ या जुन्या प्रश्नाला ‘शासनाच्या इंटर्नशिपचा अर्ज भरला आहे’ असे नवे उत्तर मिळते. लष्करच्या सराफ्यात असो, दाल बाजारात असो की मुरारमध्ये असो, हे उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर आशा असते आणि ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर किंचित संशय. ही इंटर्नशिप म्हणजे नोकरी की शिक्षण, वेतन की खिरापत, हे त्यांना नीटसे उमगत नाही. आणि खरे सांगावयाचे तर अर्ज भरणाऱ्यालाही ते पुष्कळदा उमगलेले नसते. स्मरणिकेच्या या पानांतून हाच विषय आम्ही सभासदांपुढे विचारार्थ ठेवीत आहो. कारण तो आता केवळ शासनाचा किंवा विद्यार्थ्यांचा राहिलेला नाही. तो आपल्या पेढीच्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे.

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मराठीत तिला उमेदवारी म्हणतात. आज उमेदवार म्हटले की निवडणुकीतला उमेदवार डोळ्यांपुढे येतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करीत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण. तो कागदांच्या नकला करी, दप्तरे बांधी, कारकुनाचा हात हलका करी. उमेद हीच त्याची कमाई. पेढीवरही हेच चाले. नात्यातला वा गावाकडचा मुलगा गादीजवळ येऊन बसे, झाडलोट करी, मग वजनकाटा हाती घेई, मग रोजमेळ लिही आणि काही वर्षांनी मुनीमजींच्या शेजारी बसून खतावणी करू लागे. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हाही मराठीने ‘अप्रेंटिस’ या शब्दासाठी ‘शिकाऊ उमेदवार’ हाच शब्द योजला. भाषेने हा जो ‘उमेद’ शब्द टिकवून धरला आहे, त्याकडे आम्ही सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो. उमेदवार आपल्याला श्रम देतो, वेळ देतो. पण या दोहोंपेक्षा मोठी अशी एक ठेव तो आपल्या स्वाधीन करतो. ती म्हणजे त्याची उमेद. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर ती आपल्या वहीत त्याच्या नावे जमा झालेली रक्कम आहे, आणि जमा झालेली रक्कम कधीतरी परत करावयाचीच असते.

ही परतफेड कशी होते, याची दोन चांगली उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. आपल्या शहरात १९४६ पासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी साडेचार वर्षे अभ्यास करतो आणि शेवटचे एक वर्ष जयारोग्य रुग्णालयात इंटर्न म्हणून राबतो. रात्रपाळ्या करतो, जखमा बांधतो, रोग्यांच्या नातलगांची बोलणी खातो. विद्यावेतन मिळते, ते त्याच्या श्रमांच्या मानाने अल्पच असते. तरीही तो वर्ष वाया गेले असे म्हणत नाही. कारण वर्षाच्या शेवटी एक दार आहे व त्या दारावर ‘नोंदणीकृत वैद्य’ असे लिहिले आहे. दुसरे उदाहरण आपल्या जमाखर्चाच्या सोबत्यांचे. सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आर्टिकलशिप करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. या काळात मिळणाऱ्या पैशांत लष्करातील खोलीचे भाडेही निघत नाही. परंतु कोणाच्या हाताखाली शिकलो हे कागदावर असते, शिकविणारा स्वतः त्याच विद्येचा सनदधारक असतो आणि पुढची वाट आखलेली असते. ठरलेली मुदत, जबाबदार गुरू आणि शेवटी उघडणारे दार, या तीन गोष्टी असल्या म्हणजे उमेदवारी कितीही कष्टाची असो, ती प्रामाणिक असते. यांपैकी एक जरी नाहीशी झाली तरी ती बिगारी होऊ लागते.

या कसोटीवर शासनाच्या योजना घासून पाहावयास हव्यात. आपल्या राज्यात घडलेला प्रयोग ताजा आहे. मध्य प्रदेश शासनाने ‘मुख्यमंत्री जनसेवा मित्र’ या नावाने तरुण पदवीधरांसाठी इंटर्नशिप सुरू केली. भोपाळच्या अटलबिहारी वाजपेयी सुशासन व नीती विश्लेषण संस्थेमार्फत ती चालविली गेली. वाजपेयी ग्वाल्हेरचे, येथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले. त्यांच्या नावाच्या संस्थेने तरुणांना राज्यकारभार जवळून दाखवावा, ही कल्पना आपल्याला आवडण्यासारखीच होती. राज्यातील ३१३ विकासखंडांत प्रत्येकी १५ याप्रमाणे ४,६९५ जनसेवा मित्र नेमले गेले आणि पुढे तितक्यांचीच दुसरी तुकडी घेण्यात आली. आपल्या जिल्ह्यात मुरार, घाटीगाव, डबरा आणि भितरवार असे चार विकासखंड. म्हणजे एका तुकडीत साठ जण आपल्याच परिसरासाठी होते. आरंभी त्यांना दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन होते. गावोगाव जाऊन योजनांची माहिती देणे, लोकांचे अर्ज भरून घेणे, २०२३ मध्ये लाडली बहना योजनेच्या नोंदणीला हातभार लावणे, अशी कामे त्यांनी केली. चटपटीत मुलगा किंवा मुलगी अशा कामातून पुष्कळ शिकते, हे आम्ही मान्य करतो. अडाणी वृद्धेशी कसे बोलावे, ग्रामपंचायतीचा कागद कोठे अडतो, एकाच अर्जावर तीन ठिकाणी तीन प्रकारे नाव लिहिल्याने काय घोळ होतो, हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

परंतु २०२४ च्या आरंभी मुदत संपली, आणि हे हजारो तरुण एकाच वेळी रिकामे झाले. त्यांनी राजधानीत जाऊन मुदतवाढीची व कामाची मागणी केली. योजना कालबद्ध होती, नोकरी देण्याची नव्हती, असे शासनाच्या बाजूने म्हणता येईल, आणि कागदोपत्री ते खोटे ठरणार नाही. आम्हीही असे म्हणत नाही की, शासनाने प्रत्येक इंटर्नला नोकरी द्यावी. तसे केले तर राज्याची तिजोरी पुरणार नाही आणि परीक्षा देऊन ताटकळत बसलेल्या इतर तरुणांवर तो अन्याय होईल. आमचे म्हणणे निराळे आहे. शासनाच्या नावाने जो तरुण गावोगाव हिंडतो, ज्याला गावकरी ‘साहेब’ म्हणू लागतात, त्याच्या मनात उमेद उत्पन्न होणारच. ती उत्पन्न करणाऱ्याने तिचे काय करावयाचे हे पहिल्याच दिवशी ठरवावयास हवे. या अनुभवाला पुढील भरतीत काही गुण मिळणार काय, त्याची कोठे नोंद राहणार काय, की मुदतीनंतर हात जोडून निरोप, जे असेल ते आधी सांगावयास हवे. व्यापारात उधारीचा माल देताना मुदत आणि व्याज आधी बोलून घेतात. नंतर बोलले तर त्याला भांडण म्हणतात.

शेजारच्या महाराष्ट्रातही हेच चित्र दिसले. तेथील शासनाने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली. बारावी उत्तीर्णांस ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन, मुदत सहा महिने. शासकीय कार्यालयांत अनेक प्रशिक्षणार्थी रुजू झाले, कामाला हात लागले, आणि सहा महिने संपताच पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मुदत वाढवून अकरा महिने करण्यात आली. तीही संपत आली तेव्हा, ‘आम्हांला कायम करा’ अशी मागणी पुढे आली. मुदत वाढविल्याने प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला. हुंडीची तारीख बदलली म्हणून देणे फिटत नाही, हे आपल्या मंडळींना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

केंद्र शासनाची ‘प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना’ याहून वेगळी. २०२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. देशातील मोठ्या पाचशे कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना बारा महिन्यांचा अनुभव मिळावा, हा तिचा संकल्प. आरंभी दरमहा ५,००० रुपये, त्यांपैकी ४,५०० शासनाचे आणि ५०० कंपनीचे, व एकदाच ६,००० रुपयांचे साह्य, अशी रचना होती. २१ ते २४ वयाच्या तरुणांसाठी ती होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रायोगिक स्वरूपात तिचा प्रारंभ झाला. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार जागा दाखविल्या. सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले गेले. २८ हजारांवर तरुणांनी होकार दिला. आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७०० जण. हे आकडे वाचून काही जण म्हणाले, आजच्या मुलांना काम नको. आम्हांला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. न जाण्याची जी कारणे शासनानेच संसदेत सांगितली, त्यांत ठिकाणाचे अंतर, कामाचे स्वरूप आणि लांब मुदत ही होती. भिंडच्या किंवा शिवपुरीच्या मुलाला दूरच्या औद्योगिक नगरात पाच हजारांत खोली घेऊन राहावयाचे आहे, ही गोष्ट समोर ठेवून हिशेब करून पाहावा. ज्याच्या घरून पैसे येतात तोच अशी उमेदवारी करू शकेल, आणि ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्या घरून तर पैसे येत नाहीत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, काम करणाऱ्या इंटर्नना २०२२ पर्यंत वेतन नव्हते. त्यामुळे सामान्य घरातील मुलांना ती वाट बंद होते, हे ध्यानी आल्यावर त्या वर्षापासून ते देण्यात येऊ लागले. मुलांनी हिशेब केला आणि नकार दिला. हिशेब करणाऱ्या मुलाला आपण तरी आळशी म्हणू नये.

येथवर आम्ही शासनाचे दोष सांगितले. दुसऱ्याच्या वहीतील चुका काढणे सोपे असते. आता आपली वही उघडू.

मध्य प्रदेश शासनाने २०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ काढली. तीत शिकविण्याची जागा शासकीय कार्यालय नव्हे, तर खासगी प्रतिष्ठान, म्हणजे तुमची आमची पेढी, कारखाना व कचेरी होती. १८ ते २९ वयाच्या तरुणाला शिक्षणानुसार ८,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन; त्यांतील ७५ टक्के शासनाचे आणि २५ टक्के प्रतिष्ठानाचे. पदवीधर मुलगा घेतला तर १०,००० पैकी ७,५०० शासन देणार, आपण द्यावयाचे २,५००. वर्षाचे ३०,००० रुपये. आता मनाशी प्रामाणिकपणे विचारावे, हा आकडा वाचून आपल्या मनात पहिला विचार कोणता आला? या मुलाला आपण काय शिकवू, हा? की वर्षभर एक माणूस तीस हजारांत मिळाला, हा?

आमच्या मनात कोणता आला ते आम्ही सांगतो. अशाच एका योजनेतून एक पदवीधर तरुण आमच्या पेढीवर आला होता. वाणिज्य शाखेचा, अक्षर सुरेख, हिशेबाला तल्लख. आम्ही त्याला सकाळी शटर उघडावयास सांगितले, दुपारी गोदामातील माल मोजावयास, संध्याकाळी गाडीवर पोती चढवून घेण्यास. दिवाळी आली, मेळा आला, लग्नसराई आली. प्रत्येक वेळी, ‘एवढी गर्दी ओसरू द्या, मग त्याला खात्यांजवळ बसवू’ असे आम्ही म्हणत राहिलो. गर्दी ओसरली नाही आणि त्याचे वर्ष ओसरले. निरोपाच्या दिवशी सहज विचारले, ‘काय शिकलास?’ तो क्षणभर थांबला आणि नम्रपणे म्हणाला, ‘शेटजी, दुकान उघडावयास आणि बंद करावयास.’ त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. जीएसटीचे विवरणपत्र आमच्याच टेबलावर दर महिन्याला भरले जात होते. उधारीची वसुली कशी करावी, कोणत्या गिऱ्हाइकाला किती मुदत द्यावी, भाव पडताना माल धरावा की सोडावा, हे सारे त्याच्यापासून दहा हातांवर बोलले जात होते. आणि आम्ही त्याला कधी जवळ बोलाविले नाही. त्याचे ७,५०० रुपये शासनाने दिले, म्हणजे आपण सर्वांनी भरलेल्या करातून ते गेले. आमचे २,५०० आम्ही दिले. पैशाचे खाते चुकते झाले. उमेदीचे खाते अजून नावे बाजूस उभे आहे.

यावर सभासद बंधू काही आक्षेप घेतील, आणि ते अगदीच निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, दुकान म्हणजे पाठशाळा नव्हे. हे खरे, परंतु ज्याने शिकविण्याच्या नावाने शासनाकडून तीन चतुर्थांश भार उचलून घेतला, त्याने शिकविण्याचा करार केलेला आहे. शिकवावयाचे नसेल तर पूर्ण पगार देऊन नोकर ठेवावा, त्यात कमीपणा नाही. १९६१ च्या कायद्यातही शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद मालकाला सवलत म्हणून वाचली जाते; वस्तुतः ती मालकावरचे बंधन आहे. तो शिकणारा असेल तर कोणीतरी शिकविणारा असलाच पाहिजे. कमी मापाने माल देणाऱ्यास आपण बाजारात उभे करीत नाही. शिकविण्याचे माप कमी भरणारा त्याहून वेगळा कसा?

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. शिकवून तयार केलेला मुलगा समोरच्या दुकानात गेला तर? जाईल. काही जण जातीलच. परंतु याच बाजारातील जुनी घराणी आठवून पाहावी. कोणत्या पेढीचा मुनीम दुसरीकडे गेला नाही? आणि तरीही ज्या पेढीत माणूस घडतो अशी ख्याती होती, तिच्याकडे चांगला मुलगा स्वतः चालत आला. समोरच्या दुकानातून आपल्याकडे येणाराही कोणीतरी शिकविलेलाच असतो. सर्वांनी मिळून शिकविले तर बाजार शहाणा होतो; कोणीच शिकविले नाही तर सर्वांना अर्धवट माणसे पुरवून वापरावी लागतात. जे. सी. मिल १९९२ साली बंद पडली, तेव्हा या शहरातील हजारो हातांचे काम गेलेच, शिवाय मुलाला बापाच्या शेजारी उभे राहून काम शिकण्याची एक मोठी जागाही गेली. ती जागा भरून काढील असा दुसरा कारखाना शासन आणील तेव्हा आणो. तोवर लहान लहान पाठशाळा म्हणून उरल्या आहेत त्या आपल्या पेढ्याच.

तिसरा आक्षेप लहान दुकानदारांचा. आमच्याकडे चारच माणसे, आम्ही कोठले प्रशिक्षण देणार? त्यांच्या माहितीसाठी सांगतो. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या नियमांनी तीस वा अधिक माणसांच्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले, परंतु चार माणसे असलेल्या आस्थापनालाही स्वेच्छेने ते घेता येतील अशी मोकळीक दिली. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र शासनाने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, उचलण्याचे ठरविले. म्हणजे दार लहान दुकानासही उघडे केलेले आहे. आणि शिकविण्याच्या बाबतीत लहान दुकान मोठ्या कंपनीहून सरसच ठरावे. मोठ्या कंपनीत इंटर्न एका खोलीतला एक कागद पाहतो. लहान दुकानात तो खरेदीपासून वसुलीपर्यंत व्यवहाराचे पूर्ण चक्र पाहू शकतो, जर आपण त्याला पाहू दिले तर.

आता आपल्या स्वतःच्या मुलांविषयी दोन शब्द. प्रधानमंत्री योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून अधिक असल्यास प्रवेश नव्हता, आणि ते योग्यच झाले. गरजू मुलाच्या पानातील घास आपल्या मुलाने घेऊ नये. तथापि आपल्या मुलांनी शासनाचे काम आतून पाहावे, असे आम्हांला मनापासून वाटते. आपल्या घरांत ‘सरकारी कचेरी’ हा शब्द उच्चारताना जो स्वर लागतो तो मुले लहानपणापासून ऐकतात. कर म्हणजे जाच आणि अधिकारी म्हणजे अडथळा, एवढाच धडा घेऊन ती गादीवर बसतात. तोच मुलगा सहा महिने महानगरपालिकेत, मंडी समितीत किंवा करखात्याच्या मदतकक्षात बसला, तर त्याला खिडकीच्या पलीकडून व्यापारी कसा दिसतो ते कळेल. अपुरे कागद घेऊन येणारा, शेवटच्या दिवशी धावत येणारा, वर पुन्हा आवाज चढविणारा गिऱ्हाईक म्हणजे आपणच, हे त्याच्या ध्यानी येईल. आपल्या मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच अगत्याचे. बी.कॉम., एम.कॉम. होऊन घरचा हिशेबही ज्यांच्या हाती दिला जात नाही अशा मुली आपल्या समाजात थोड्या नाहीत. त्यांना बाहेर उमेदवारी करू द्यावी आणि परतल्यावर घरच्या पेढीत जागा द्यावी. परक्याच्या मुलाची उमेद हे कर्ज असेल, तर घरच्या मुलीची उमेद हे त्याहून जुने कर्ज आहे.

शेवटी काही सूचना. त्या संघाच्या कार्यकारिणीने ठराव करावा एवढ्या मोठ्या नाहीत. प्रत्येकाने आपल्या पेढीत उद्यापासून पाळाव्यात एवढ्याच आहेत. कोणत्याही योजनेतून मुलगा वा मुलगी आली तर पहिल्याच दिवशी तिला शेजारी बसवून तीन गोष्टी सांगाव्यात: किती महिने, काय काय शिकविणार, आणि मुदतीनंतर आपल्याकडे जागा आहे की नाही. जागा नसेल तर ‘नाही’ म्हणावे; त्याने कोणी रागावत नाही, वर्षभर झुलत ठेवल्याने रागावतो. काय शिकविणार ते एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. पहिले तीन महिने माल व माप, पुढचे तीन कीर्द-खतावणी व संगणकावरील हिशेब, पुढचे तीन खरेदी आणि कर, शेवटचे तीन उधारी व वसुली, असा ढोबळ क्रम कोणत्याही दुकानास जमण्यासारखा आहे. आपल्या वाट्याचा हिस्सा ठरल्या तारखेला द्यावा. शासनाचा हिस्सा उशिरा आला तरी आपला उशीर त्यात मिसळू नये. आणि जाताना नुसते ‘वर्तणूक चांगली’ असे प्रमाणपत्र न देता, हा काय करू शकतो, ते पेढीच्या नावाने व सहीने लिहून द्यावे. आपल्या सहीला या बाजारात किंमत आहे. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही त्याला ती देण्यास आपला एक पैसाही खर्च होत नाही.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो, जुन्या खात्यांवर नजर फिरवितो, कोणाचे येणे राहिले, कोणाचे देणे राहिले ते पाहतो. यंदा त्या वहीत एक पान अधिक घालावे अशी आमची नम्र विनंती आहे. त्या पानावर आपल्याकडे शिकावयास म्हणून येऊन गेलेल्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे तो काय शिकून गेला ते लिहावे. आम्ही आमचे पान लिहावयास घेतले. पहिल्याच नावापुढची जागा कोरी राहिली. त्या मुलाला निरोप पाठविला आहे; आला तर यंदा खतावणीजवळ बसविणार आहो, पूर्ण पगारावर. येईल की नाही ते त्याने ठरवावयाचे आहे. बोलावणे हे मात्र आमचे देणे होते.